टॅमरॅक काउंटी नकाशावर नाही

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ८७ काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत आणि टॅमरॅक काउंटी त्यात नाही. अरोरा नावाचं एक छोटं गाव उत्तरेला आयर्न रेंजवर, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात, खरंच आहे, पण रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या विल्यम केंट क्रूगरचं अरोरा ते नव्हे. त्याचं अरोरा त्याने स्वतः वसवलंय, आयर्न लेक नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठाला, आणि तिथेच पुढे ओजिब्वे या आदिवासी जमातीच्या लोकांचं रिझर्वेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेला प्रदेश, तेही त्याच्याच डोक्यातलं. हे सगळं पक्कं माहीत असूनही आम्ही उत्तरेकडच्या इली गावाला निघालो आणि व्हर्जिनिया गाव मागे पडलं की माझी नजर रस्त्याच्या कडेला त्याच्या पुस्तकांतल्या 'सॅम्स प्लेस'ची पाटी शोधायला लागते. कारण बाकी सगळं खरं आहे. तळी खरी, थंडी खरी, लोखंडाच्या खाणी खऱ्या, सरकारने केलेले करार खरे आणि त्या करारांवरून गावागावात धुमसत राहिलेला राग तर फारच खरा.

मिनेसोटात राहायला आल्यावर हिवाळ्यात करायचं काय हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, मी लायब्ररी धरली. रहस्यकथा मला लहानपणापासून आवडतात, आमच्याकडे रहस्यकथा म्हणजे शहरातला बंगला, बंद खोली, मृत्युपत्र आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून उलगडा. जंगल असायचं ते ललित लेखांत. तिथे पक्षी, झाडं, शांतता, तिथे कोणी कोणाचा खून करत नसे. त्यामुळे क्रूगरचं पहिलं पुस्तक, १९९८ सालचं 'आयर्न लेक', हातात पडलं तेव्हा मला आधी कळेचना की हे नक्की कुठल्या खणात ठेवायचं. बर्फाचं वादळ, पेपर टाकायला गेलेला मुलगा बेपत्ता, एक म्हातारा जज्ज मेलेला, इथवर सगळं ओळखीचं. पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्या पानांवर, चौदा वर्षांचा एक पोरगा वडील गेल्यानंतरच्या शरद ऋतूत एका ओजिब्वे माणसाबरोबर अस्वलाच्या मागावर निघालाय आणि तो माणूस त्याला विंडिगो नावाच्या राक्षसाची गोष्ट सांगतोय. खुनाचा पत्ता नाही अजून, आणि माझा जीव टांगणीला लागलेला.

तो पोरगा म्हणजे कॉर्क ओ'कॉनर. बाप आयरिश, आईच्या बाजूने ओजिब्वे रक्त, पुढे टॅमरॅक काउंटीचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, झालेला आणि कादंबरी सुरू होते तेव्हा ते पद गमावून बसलेला. तळ्याकाठच्या एका जुन्या अर्धगोल पत्र्याच्या शेडमध्ये तो बर्गर विकतो. तेच सॅम्स प्लेस. ती शेड त्याला सॅम विंटर मूनकडून मिळाली, तोच तो अस्वलाच्या शिकारीला घेऊन गेलेला माणूस. आणि सॅम कसा मेला ही गोष्ट पुढच्या वीस पुस्तकांच्या तळाशी पडून आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते, यात कुठल्याच रहस्याचा बोऱ्या वाजत नाही.

ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८५४ च्या करारांत आजच्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधली प्रचंड जमीन अमेरिकन सरकारला दिली. जमीन दिली, पण तिच्यावर शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला, १८३७ च्या करारात तर तळ्यांतला जंगली तांदूळ गोळा करायचा हक्कही स्पष्ट लिहून घेतला. म्हणजे जागा तुमची झाली तरी आमच्या ताटातलं अन्न आमचंच राहील, इतकं साधं. पुढे शंभर-दीडशे वर्षं राज्य सरकारांनी या कलमांकडे सरळ कानाडोळा केला, आणि १९८० नंतर जेव्हा कोर्टाच्या पाठिंब्याने ओजिब्वे लोक वसंतात रात्री भाल्याने मासे मारायला परत तळ्यांवर आले तेव्हा विस्कॉन्सिनात होड्या उतरवायच्या जागांवर गोऱ्या लोकांचे जमाव जमले, दगड, शिव्या, घोषणा, सगळं झालं. मिनेसोटात मिल लॅक्स बँड या ओजिब्वे गटाचा खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी १८३७ चे हक्क अजून जिवंत आहेत असा निकाल लागला. क्रूगरचं पुस्तक त्याच्या आदल्या वर्षीचं. त्याच्या अरोरात अशाच एका पहाटे होड्यांच्या धक्क्यावर गर्दी जमलीय, कॉर्क शेरीफ म्हणून मधे उभा आहे, दोन्ही बाजूंना त्याचीच माणसं आहेत, आणि एक रिसॉर्टवाला, तोही वाईट माणूस नाही, धंदा बुडेल म्हणून भेदरलेला, बंदूक चालवतो आणि सॅम मरतो. कॉर्क त्या माणसावर गोळी झाडतो. मग पुन्हा झाडतो. थांबतच नाही.

मला वाटतं क्रूगरचं सगळं लेखन या धक्क्यावर उभं आहे. खून कोणी केला हे इथे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, रहस्य काहीच नाही, पण दोन माणसं का मेली याचं उत्तर द्यायला गेलं तर दीडशे वर्षांमागे जावं लागतं.

आणि शेरीफ तरी रिझर्वेशनवर काय करतोय? इथला कायदाच तसा आहे. १९५३ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पब्लिक लॉ २८० नावाचा कायदा केला आणि काही राज्यांना रिझर्वेशनवरच्या गुन्ह्यांचा तपास आणि खटले चालवायचा अधिकार देऊन टाकला, जमातींना न विचारता. मिनेसोटा त्यातलं एक, फक्त रेड लेक रिझर्वेशन वगळलं. नैर्ऋत्येच्या वाळवंटातल्या नवाहो प्रदेशात घडणाऱ्या रहस्यकथा ज्यांनी वाचल्यात त्यांना आठवत असेल की तिथे जमातीचे स्वतःचे पोलीस असतात आणि मोठा गुन्हा झाला की एफबीआय येते. मिनेसोटातल्या बहुतेक रिझर्वेशनवर मात्र काउंटीचा शेरीफ दारात येऊन उभा राहतो, जो निवडून येतो गावातल्या गोऱ्या मतदारांच्या मतांवर. त्यामुळे कॉर्कने रिझर्वेशनवर कुठलाही दरवाजा ठोठावला की आतल्या माणसाच्या चेहऱ्यावर आधी एक झापड बंद होते, त्याच्या आजीला ओळखणारी माणसंसुद्धा दोन मिनिटं नुसती बघत राहतात. क्रूगर ती दोन मिनिटं लिहितो. घाई करत नाही. साध्या रहस्यकथेत साक्षीदार बोलला नाही की तो संशयित होतो, इथे न बोलणं ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली शहाणी सवय आहे.

क्रूगर स्वतः ओजिब्वे नाही हे इथेच सांगून टाकते. जन्म वायोमिंगमधल्या टोरिंग्टनचा, १९५० चा, नंतर आयुष्य सेंट पॉलमध्ये. लाकूडतोड केली, बांधकामावर कामं केली, युनिव्हर्सिटीत नोकरी केली आणि पहाटे उठून घराजवळच्या सेंट क्लेअर ब्रॉयलर नावाच्या कॉफी शॉपमध्ये बसून हाताने वहीत लिहिलं. पहिली कादंबरी आली तेव्हा पन्नाशी जवळ आलेली. ते ब्रॉयलर २०१७ मध्ये बंद झालं. दारात गोठवणारा अंधार, आत चिमणीएवढा उजेड आणि एक माणूस कामावर जायच्या आधी रोज थोडं लिहितोय, याबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि मला वाटतं तो धीर त्याच्या पुस्तकांत उतरलाय, विशेषतः जंगलातल्या पानांत.

तर आता जंगल. इलीच्या वर, कॅनडाच्या सरहद्दीला लागून सुमारे दीडशे मैल पसरलेलं बाउंड्री वॉटर्स. जवळपास अकरा लाख एकर, हजाराच्या वर तळी, बाराशे मैलांहून जास्त कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवायच्या वाटा. बहुतेक ठिकाणी मोटरबोट नाही, डबे आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत, एका गटात नऊच माणसं, आणि मे ते सप्टेंबर रोज किती गटांना आत सोडायचं ते ठरलेलं. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जायला मधे पायवाट असते, तिला पोर्टेज म्हणतात, तिचं अंतर रॉडमध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. ती कनू उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि चालायचं. कनू डोक्यावर आली की जग नाहीसं होतं. समोर दिसते ती फक्त दोन पावलं जमीन, मुळं, ओल्या शेवाळ्याचे दगड, चिखल, स्वतःचे बूट. डास कनूच्या आत अडकतात आणि हात मोकळे नसतात. मागून नवरा सांगत असतो डावीकडे, डावीकडे घे, आणि आपलाच श्वास त्या हलक्या केव्हलार धाग्याच्या कनूच्या टोपीत घुमत असतो. मग अचानक पायाखालची वाट उतरते, उजेड बदलतो, आणि पाणी. कनू पाण्यात सोडली आणि सरळ उभं राहिलं की समोर एक आख्खं तळं, ज्यावर कोणीच नाही. क्रूगरच्या दुसऱ्या पुस्तकात, 'बाउंड्री वॉटर्स' नावाच्याच, माणसं एकमेकांच्या जिवावर उठून याच वाटांवरून जातात, आणि ती दोन पावलांपुरती नजर स्वतः अनुभवल्यावर मला त्या पाठलागाची खरी भीती कळली. डोक्यावर कनू असलेल्या माणसाला पुढच्या वळणावर कोण उभं आहे ते दिसत नाही.

या प्रदेशाला १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याचं संरक्षण आहे, १९७८ मध्ये त्याच्यासाठी आणखी वेगळा कायदा झाला. १९६४ च्या कायद्यात एक वाक्य आहे, फार सुंदर लिहिलेलं, इथल्या निसर्गप्रेमींना तोंडपाठ असतं. त्याचा आशय असा की रानभूमी म्हणजे अशी जागा जिथे माणूस हा पाहुणा असतो, मुक्कामाला राहत नाही. मीही ते आधी मोठ्या भक्तीने वाचलं होतं. क्रूगर वाचायला लागल्यापासून मात्र ते वाक्य मला खुपतं. कोण माणूस? पाहुणा कोणाच्या घरी? इलीजवळ नॉर्थ हेगमन लेक म्हणून तळं आहे, तिथे पाण्यातून सरळ वर चढलेल्या कड्यावर लाल रंगातली जुनी चित्रं आहेत, हात पसरलेला एक माणूस, एक मूस जातीचं मोठं हरीण, होड्या. आपण कनूत बसून मान वर करून बघायचं, कड्याला हात लावायचा नाही. ज्याने ते काढलं तोही बहुतेक असाच होडीत उभा असणार, काठावर उभं राहायला तिथे जागाच नाही. तो पाहुणा नव्हता. त्याच्या लोकांनी या पोर्टेजच्या वाटा पाडल्या, ज्यांच्यावरून आज आम्ही परमिट घेऊन चालतो. रानाला कायद्याने वाचवलं हे चांगलंच झालं, नाहीतर ते कधीच तोडून खाल्लं असतं, पण वाचवताना तिथली माणसं कागदावरून पुसली गेली, आणि क्रूगरच्या कादंबऱ्या नेमकं याच्या उलट काम करतात, त्या रानात माणसं परत आणून ठेवतात. जिवंत, भांडणारी, कर्जबाजारी, प्रेमात पडलेली, खोटं बोलणारी माणसं.

त्यात सगळ्यात वर हेन्री मेलू.

मेलू हा मिडे, म्हणजे ओजिब्वेंच्या मिडेविविन या वैद्य-उपासकांच्या परंपरेतला. क्रोज पॉइंट नावाच्या तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर एका खोलीच्या लाकडी घरात राहतो. वीज नाही, नळ नाही, सुरुवातीच्या पुस्तकांत वॉलआय नावाचा पिवळा कुत्रा आहे. त्याच्याकडे गाडीने जाता येत नाही, रस्त्यावर गाडी ठेवून जंगलातून चालत जावं लागतं, आणि तुम्ही पोचता तेव्हा तुम्ही येणार हे त्याला ठाऊक असतं. कॉर्क जाताना तंबाखू घेऊन जातो, तसा रिवाज आहे, वडीलधाऱ्या माणसाकडे काही मागायला जायचं तर तंबाखू द्यायची. मग दोघं तळ्याकाठच्या चुलाणापाशी बसतात. मेलू तंबाखू थोडी चारी दिशांना वाहतो, थोडी पेटवतो. बराच वेळ कोणी काही बोलत नाही. तिकडे एखादी मुलगी बेपत्ता असते, तास निघून चाललेले असतात, वाचणाऱ्याला वाटतं अहो बोला ना आता, आणि हा माणूस धूर बघत बसलेला. पण मेलूचं म्हणणं असं की तू प्रश्न घेऊन पळत आलायस, उत्तर ऐकायच्या अवस्थेत तू अजून नाहीस. आणि बहुतेक वेळा त्या बसण्यातूनच धागा सापडतो, चमत्काराने नाही, कॉर्कने स्वतःच पाहिलेलं आणि घाईत सोडून दिलेलं काहीतरी वर येतं.

मेलूबद्दल माझी एक तक्रारही आहे. मधल्या काही पुस्तकांत तो जरा जास्तच शहाणा होतो, प्रत्येक वाक्य सुविचार होऊन बाहेर पडतं, आणि गोऱ्या लेखकाने लिहिलेला ज्ञानी आदिवासी म्हातारा हा साचा अमेरिकन पुस्तकांत आणि सिनेमात इतका वापरून झालाय की तिथे मी अडखळते. पण २००७ च्या 'थंडर बे'ने ती तक्रार बरीचशी धुऊन काढली. त्यात मेलू आजारी पडतो आणि कॉर्कला सांगतो की मला एक मुलगा आहे, कॅनडात, मी त्याला कधी पाहिलेलं नाही, त्याला शोध. आणि मग तरुण हेन्री येतो, प्रेमात पडलेला, रागावलेला, हात रक्ताने माखू शकणारा. ते पुस्तक वाचल्यावर चुलाणापाशी गप्प बसलेला म्हातारा वेगळाच दिसायला लागतो, ती शांतता त्याने फार महाग घेतलेली आहे. आणखी एक गोष्ट आहे. १८८३ साली सरकारने नियम करून आदिवासींचे नाच, विधी, वैदूंचं काम हे सगळं गुन्हा ठरवलं होतं आणि त्यांच्या धर्माचरणाला कायद्याचं स्पष्ट संरक्षण मिळालं ते थेट १९७८ मध्ये. मालिकेत मेलूचं वय नव्वदीच्या पुढे सरकलेलं आहे, म्हणजे त्याच्या आयुष्याचा केवढा तरी भाग असा गेला की चार माणसांना बसवून औषध देणं हेच सरकारी नजरेत संशयास्पद. गुन्हेगारी कादंबरीत असा माणूस असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. गुन्हा कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्यांनी एकदा त्यालाच गुन्हेगार ठरवून झालंय.

विंडिगोची गोष्ट राहिली. ओजिब्वे कथांमधला हा बर्फाच्या काळजाचा राक्षस, माणसं खाणारा, जितकं खाईल तितका वाढणारा आणि म्हणून कायम भुकेला. कडक हिवाळा, संपलेली शिदोरी, बंद झालेल्या वाटा, अशा दिवसांतून आलेली ही कथा आहे हे लगेच कळतं, विशेषतः इथला एक जानेवारी काढला की. इलीपासून जवळच टॉवर नावाच्या गावात २ फेब्रुवारी १९९६ ला पारा उणे ६० फॅरनहाइटला गेला होता, म्हणजे उणे ५१ सेल्सियस, राज्याचा विक्रम. तर या विंडिगोने तुमचं नाव घेऊन हाक मारली की तुमचं मरण जवळ आलं. आणि त्याला मारायचा एकच उपाय, स्वतः विंडिगो व्हायचं. लढाई झाली की कोणीतरी जवळचं माणूस गरम चरबी घेऊन तयार पाहिजे, ती तुमच्या घशात ओतायला, म्हणजे आतला बर्फ वितळून तुम्ही परत माणूस व्हाल. ते माणूस नसेल तर तुम्ही तसेच राहाल. धक्क्यावर गोळ्या झाडत सुटलेला कॉर्क आठवा. शेरीफपद गेलं, संसार मोडकळीला आला, तो वर्षभर त्या बर्फात अडकलेला आहे आणि त्याला घशाखाली काहीतरी गरम ओतणारं कोणी हवंय. एका लोककथेला रहस्यकथेच्या पोटात इतकं नीट बसवलेलं मी दुसरीकडे वाचलं नाही.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर तांदूळ सांगते, तो या पुस्तकांत सतत येतो. ओजिब्वेंच्या स्थलांतराच्या कथेत त्यांना सांगितलं होतं की पश्चिमेकडे जा, जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे थांबा, आणि ते या तळ्यांपाशी थांबले. तो तांदूळ म्हणजे मनूमिन, खरं तर पाणगवताचं बी. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात काढतात. कनूत दोघं, एक उभा राहून लांब काठीने होडी रेटतो, दुसरा बसून दोन हलक्या काठ्या घेतो, एकीने ओंब्या होडीवर वाकवायच्या, दुसरीने हलकेच फटका मारायचा, पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडतात, ते पुढच्या वर्षीचं बियाणं. झोडपायचं नाही, कच्चा दाणा ओंबीवरच राहिला पाहिजे. नंतर भाजणं, पायांनी मळणं, पाखडणं. सुपरमार्केटमधला काळाकुळकुळीत वाइल्ड राइस बराचसा शेतात लावलेला असतो, शिजायला तास घेतो. तळ्यावरचा, लाकडाच्या आगीवर भाजलेला दाणा तपकिरी-हिरवट असतो, एकसारखा नसतो, भिजवला नाही तरी वीसेक मिनिटांत फुलतो आणि त्याला धुराचा वास येतो. मी तो जिरं-तूप-मिरचीची फोडणी देऊन करते, आणि खाताना हेही माहीत असतं की खाणीच्या पाण्यातल्या सल्फेटने हा तांदूळ मरतो, म्हणूनच मिनेसोटाने १९७३ मध्ये या तळ्यांसाठी लिटरला १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि ती पाळायची की नाही यावर खाणवाले, राज्य आणि जमाती यांच्यात अजून भिजत घोंगडं पडलंय. क्रूगरच्या गावात खाणीवाला आणि तांदूळवाला एकाच काउंटरवर बर्गर खायला येतात. दोघांचीही पोरं कॉर्कच्या पोरांबरोबर शाळेत. तो खाणकामगाराला राक्षस करत नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय, लोखंडाच्या खाणी बंद पडल्यावर रिकाम्या झालेल्या घरांचं दुःखही तो तितक्याच मायेने लिहितो.

पण सगळ्यात जास्त मला ज्यांनी हलवलं ती बेपत्ता मुलींची पुस्तकं. 'विंडिगो आयलंड', २०१४. सुपीरियर लेकच्या काठावर एका आदिवासी मुलीचं प्रेत लागतं आणि तपास डुलुथच्या बंदरापाशी जातो, जिथे रिझर्वेशनवरून पळून आलेल्या किंवा फसवून आणलेल्या पोरींना विकलं जातं. हे कल्पनेतलं नाही, डुलुथमधला हा व्यापार इथल्या आदिवासी संघटना कित्येक वर्षं ओरडून सांगत होत्या. मिनेसोटाने बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासींसाठी वेगळं सरकारी कार्यालय काढलं २०२१ मध्ये, अमेरिकेतलं तसलं पहिलं. आणि मग २०२४ चं 'स्पिरिट क्रॉसिंग'. एका राजकारण्याची मुलगी हरवते, टीव्ही, हेलिकॉप्टर, शेकडो माणसं शोधायला. त्याच दरम्यान कॉर्कचा छोटा नातू एका उथळ कबरीपाशी जाऊन थबकतो, सगळ्यांना वाटतं तीच असणार, आणि ती निघते एक तरुण ओजिब्वे मुलगी, जिच्या हरवण्याची बातमी कधी झालीच नव्हती. त्या क्षणी पुस्तकातला कॅमेरा गर्दीबरोबर परत पहिल्या मुलीकडे वळतो, आणि क्रूगर मात्र या दुसरीपाशी थांबतो. कबर एक आहे, तपास करणारं खातं तेच आहे, फक्त आता कोणाला घाई नाही. मी ते पान वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच ओटा पुसत बसले.

हे सगळं एका गोऱ्या माणसाने लिहावं का, हा प्रश्न इथे विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. माझं मत असं की क्रूगर वाचावा, पण एकटा वाचू नये. व्हाइट अर्थ रिझर्वेशनच्या ओजिब्वे लेखिका मार्सी रेंडन यांची कॅश ब्लॅकबेअर ही नायिका असलेली पुस्तकं वाचली तर फरक लगेच कळतो. ती एकोणीस वर्षांची पोरगी, रेड रिव्हरच्या खोऱ्यात शेतातले ट्रक चालवते, बिलियर्ड्ससारखा पूलचा खेळ खेळून पैसे मिळवते, तिच्यावर कोणी ज्ञानी म्हातारा सुविचार वाहत नाही आणि ती कोणाला काही समजावून सांगत बसत नाही. ओजिब्वे वंशाच्या लेखिका लुईज एर्ड्रिक यांचं मिनेआपोलिसमधलं बर्चबार्क बुक्स हे दुकान तर त्यासाठीच आहे असं समजून मी जाते, तिथल्या कपाटांसमोर उभं राहिलं की क्रूगर या मोठ्या पंक्तीतला एक पाहुणा आहे हे कळतं. चांगला पाहुणा. कॉर्कला त्याने पूर्ण ओजिब्वे केलं नाही, दोन घरांच्या उंबरठ्यांवर उभं ठेवलं, दोन्हीकडे थोडा परका, आणि लेखक जिथे उभा आहे तिथूनच जेवढं दिसतं तेवढं तो लिहितो. मलाही इथे येऊन बरीच वर्षं झाली आणि या जमिनीचा इतिहास मला ज्यांनी शिकवला त्यांत शाळा नाही, सिटिझनशिपच्या परीक्षेची तेव्हाची शंभर प्रश्नांची पुस्तिका तर नाहीच. कराराची कलमं मी एका खुनाच्या कादंबरीमुळे शोधून वाचली.

सुरुवात कुठून करावी असं मैत्रिणी विचारतात. क्रमाने वाचायची तयारी असेल तर 'आयर्न लेक', कारण या मालिकेत माणसं खरंच म्हातारी होतात, मरतात, मुलं मोठी होतात आणि एखादं मधलंच पुस्तक उचललं तर आधीच्यांतले धक्के वाया जातात. एकच वाचायचं असेल तर २०२१ चं 'लायटनिंग स्ट्राइक'. १९६३ चा उन्हाळा, कॉर्क बारा वर्षांचा, वडील लियम शेरीफ. पोरं जंगलात भटकताना जळलेल्या जुन्या लाकूडतोड्यांच्या तळावर पोचतात आणि तिथे झाडाला एक ओजिब्वे माणूस लटकलेला, सगळ्यांच्या ओळखीचा. गावातल्या गोऱ्यांच्या मते उघडउघड आत्महत्या, दारू, नेहमीचंच. रिझर्वेशनवर कोणाचाही त्यावर विश्वास नाही. लियम प्रामाणिक आहे, पुरावा दाखवा म्हणतो, आणि त्याची बायको आणि सासू, ज्यांच्या अंगात तेच रक्त आहे, जेवणाच्या टेबलावर त्याच्याकडे बघत राहतात. बारा वर्षांचा मुलगा दोन्हीकडे बघतो. खुनी कोण हे मी विसरून गेलेय आता, ते टेबल विसरले नाही.

आणि सगळ्यात नवं, २०२५ चं 'अपॉसल्स कोव्ह', सध्या उशाशी आहे. कॉर्कचा मुलगा स्टीफन वकिलीचं शिकतोय, चुकीने तुरुंगात गेलेल्यांना सोडवणाऱ्या लोकांबरोबर काम करतोय, आणि तो बापाला फोन करून सांगतो की तू नवीन शेरीफ असताना ज्या ओजिब्वे माणसाला खुनासाठी आत टाकलंस, तो बहुतेक निर्दोष आहे. जवळपास पंचवीस वर्षं तो माणूस आत बसलाय. इतक्या पुस्तकांत दुसऱ्यांच्या अन्यायाचा माग काढणाऱ्या कॉर्कला क्रूगरने शेवटी त्याच्याच फाइलसमोर आणून बसवलंय, तीच काउंटी, तोच कायदा, खाली सही ओ'कॉनरची. मी अर्ध्यावर आहे. कॉर्क तंबाखू घेऊन क्रोज पॉइंटच्या वाटेला लागलाय, आणि या वेळी मेलूने त्याला कितीही वेळ बसवून ठेवलं तरी माझी हरकत नाही.